केंटचा खांब

गुरुवारी संध्याकाळी शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याने, कोचच्या घरी जेवायचं, ही हॅडर्ली गावाची जुनी रीत. शुक्रवारच्या सामन्याला सगळं गाव ज्याच्या हाताकडे डोळे लावून बसणार, त्याच्या पोटात आदल्या दिवशी कोचच्या बायकोच्या हातचं अन्न असावं, एवढाच त्यातला अर्थ. वेर्ना टिडवेलने अशी कितीतरी पोरं जेवू घातली होती. त्यातला एक तिच्याच पोटचा होता, केंट. तो आपल्या खोलीतून बाहेर यायचा आणि त्याच खुर्चीवर बसायचा. एका हिवाळ्यात बर्फाळ रस्त्यावर त्याचा पिकअप घसरला आणि सगळं संपलं. वेर्नाला ती खुर्ची काढून टाकायची होती. रॉइसने, तिच्या नवऱ्याने, हात लावू दिला नाही.

आता त्या खुर्चीवर रूबेन ओंतिवेरोस बसायचा. त्याची आई कापसाच्या जिनमध्ये वजनकाट्यावर होती, बाप ट्रक घेऊन महिनोन्महिने बाहेर. पोर गुणी. "हो, मिस वेर्ना," "नाही, मिस वेर्ना," यापलीकडे ताटावर फारसं बोलायचा नाही. पण जेवणानंतर भांडी पुसू लागला की त्याची जीभ सुटायची. गुराढोरांचा डॉक्टर व्हायचंय, हे त्याने तिला एकटीलाच सांगितलं होतं. कॉलेजने खेळासाठी शिष्यवृत्ती देऊन उचललं तरच ते व्हायचं होतं. नाहीतर आईशेजारचा वजनकाटा होताच.

आणि शुक्रवारी हाच रूबेन हेल्मेट घालून दिव्यांखाली उभा राहिला की वेर्नाच्या छातीत धस्स व्हायचं. कमरेच्या टॉवेलला दोनदा बोटं पुसणं केंटचं. मान जराशी कलती ठेवणं केंटचं. मागे सरकताना डावा खांदा खाली घेणं, तेही केंटचंच. रॉइसने केंटच्या सामन्यांच्या जुन्या व्हिडिओ टेप लावून लावून ते सगळं पोराच्या अंगात उतरवलं होतं. हेल्मेटमध्ये चेहरा थोडाच दिसतो? मागच्या बाकावरचे म्हातारे म्हणायचे, "आला बघ केंट." वेर्ना कधी रागावली नाही. खोटं कशाला बोला, ती तेवढ्यासाठीच तर जायची. जगात किती आयांना मेलेला मुलगा दर शुक्रवारी भेटतो?

फरक फक्त परसातल्या खांबापाशी कळायचा. परसाच्या टोकाला कुंपणाचा एक खांब होता, पांढरा रंगवलेला. केंटचा सगळ्यात लांब गेलेला चेंडू तिथे पडला होता आणि त्याने स्वतःच ब्रश घेऊन तो रंगवला होता. खांबापलीकडे शेजाऱ्याचा कापूस. रूबेनने कितीही जोर लावला तरी त्याचा चेंडू खांबाच्या अलीकडेच पडायचा. "पुढच्या वर्षी," रॉइस म्हणायचा.

त्याचं कारण वेर्नाला ठाऊक होतं, आणि रॉइसलाही होतं, पण त्या घरात ते कुणी तोंडावर आणत नव्हतं. रूबेन डावखुरा होता. अगदी लहान असताना उन्हाळी शिबिरात आला तेव्हा डाव्या हाताने फेकायचा. "आपल्या सगळ्या चाली उजव्या हाताच्या आहेत," रॉइस म्हणाला होता. "पोर लहान आहे, वळेल हात." वळला की. त्या घरात रूबेन जेवायचा उजव्याने, सही करायचा उजव्याने. पण भांडी झाल्यावर तो शेडमागे जायचा. तिथे तारेला एक फुटकी बादली टांगलेली होती. झाडाखाली पडलेले अक्रोडासारखे पेकान उचलून तो ते बादलीवर मारायचा, डाव्या हाताने, जवळ कुणी नसताना. टण्. टण्. नेम कधी चुकायचा नाही. हे सगळं मोरीवरच्या खिडकीतून वेर्नाला दिसायचं. आणि दिसलं की बाई काय करायची, तर तो आवाज कानावर येऊ नये म्हणून नळ मोठा सोडायची.

त्या गुरुवारी घरात पाहुणा होता. लामार प्रूइट, सरकारी कॉलेजच्या संघासाठी गावोगाव पोरं पारखत हिंडणारा. रॉइसची त्याची जुनी ओळख. अंगाने आडवा, जेवायला सावकाश. दुपारी त्याने मैदानाच्या कडेला उभं राहून रूबेनचा सराव पाहिला होता आणि एक अक्षर बोलला नव्हता. रॉइसला दुपारपासून त्याचाच घोर लागला होता. जेवताना लामारने बीन्सचं कौतुक केलं, वाऱ्याला शिव्या दिल्या. मग मोठ्यांना बोलू द्यावं म्हणून रूबेन आपलं ताट उचलून, "येतो, मिस वेर्ना," म्हणून मागच्या दाराने परसात गेला. त्या दिवशी भांड्यांना तो थांबला नाही.

"बोल आता," रॉइस म्हणाला. "किती ताणशील?"

"पाय बघत राहावेत असे आहेत," लामार म्हणाला. "जोरही आहे. डोकं शांत आहे. पण चेंडू उशिरा सुटतो रे."

"उशिरा? किती उशिरा?"

"पापणी लवते तेवढाच. इथल्या पोरांपुढे खपेल. आमच्याकडचे आडदांड तेवढ्या वेळात त्याची चटणी करतील."

"सराव देतो ना मी. वर्ष आहे अजून."

"सरावाचं नाही हे." लामारने पाव बीन्सच्या रसात फिरवला. "दर वेळी फेकायच्या आधी तो थांबतो. कुणाला तरी विचारल्यासारखा. कुणाला विचारतो, तेच मला कळेना."

वेर्नाला वाटलं, या माणसाला पोराच्या अंगातला केंट दिसला की काय.

"अरे, केंटसुद्धा असाच..." रॉइस बोलता बोलता अडखळला.

"केंटला मी पाहिलाय, रॉइस." लामारचा आवाज उतरला. "केंट थांबायचा नाही." मग त्याने हात पुसले. "मी उद्याच्या सामन्याला राहत नाही. पोराला तू सांगतोस, की मी सांगू?"

लामारनंतर या आडगावात दुसरं कोण येणार होतं? सगळ्यांना ते माहीत होतं.

बाहेर आवाज झाला. टण्.

वेर्ना उठली ती सवयीने मोरीपाशी गेली आणि सवयीनेच तिचा हात नळावर पडला. सोडावा की नळ. सोडला की उद्या शुक्रवार आहे, उद्या दिव्यांखाली केंट येईल, टॉवेलला बोटं पुसेल, मागचे म्हातारे म्हणतील, आला बघ. असे अजून कितीतरी शुक्रवार. आणि पोराचं काय, पोरं काय, कुठेही लागतात कामाला. हे असलं आपल्या मनात येऊ शकतं याचीच तिला किळस आली. आपलं गेलं म्हणून दुसरीचं गिळून बसलोय आपण, तिला वाटलं, आणि वर त्याला गुरुवारी जेवू घालतो.

तिने नळावरचा हात काढला.

"लामार, जरा इकडे ये."

"वेर्ना," रॉइस म्हणाला, "बस खाली."

"इतकी वर्षं बसलेच होते की."

लामार तिच्या शेजारी येऊन खिडकीशी उभा राहिला. उतरत्या उन्हात रूबेन वाकला, पेकान उचलला आणि न बघितल्यासारखं करून फेकला. टण्. लामार काचेशी वाकला. आणखी एक. टण्.

"हा कुठला हात?" त्याने विचारलं.

"त्याचा," वेर्ना म्हणाली.

पायरीवरचा चेंडू उचलून लामार परसात गेला. त्याच्यामागे वेर्ना, आणि बऱ्याच मागे रॉइस. त्यांना पाहताच रूबेनने डावा हात पाठीमागे लपवला. चोरी सापडल्यासारखं तोंड झालं पोराचं.

"तोच हात हवाय मला," लामारने चेंडू पुढे केला. "फेक. खांबाच्या दिशेने."

रूबेनने चेंडू घेतला आणि रॉइसच्या तोंडाकडे पाहिलं. लामार ज्याबद्दल बोलला होता तो थांबा हाच होता, वेर्नाला लख्ख दिसलं. मैदानावरही पोर रोज याच माणसाला विचारत होतं. रॉइसने मान खाली घातली. हो नाही की नाही नाही.

"फेक रे बाळा," वेर्ना म्हणाली. बाळा हा शब्द तिच्या तोंडून त्या हिवाळ्यानंतर निघाला नव्हता.

रूबेनने फेकला. पाय वेडेवाकडे पडले, शिकवलेलं काही म्हणून आठवलं नाही त्याला. टॉवेल नाही, कलती मान नाही. वेर्ना डोळे फाडून शोधत होती. खांद्यात शोधलं, मनगटात शोधलं, कुठेतरी तीळभर तरी केंट उरला असेल. कुठेच नव्हता. हे कुणा दुसऱ्याच बाईचं पोर होतं, उंच, सावळं, स्वतःच्याच जोराने दचकलेलं. त्या हिवाळ्यात पहाटे अपघाताची बातमी घेऊन शेरीफने दार वाजवलं तेव्हा गेला होता, तसाच केंट आज पुन्हा गेला. चेंडू खांबावरून गेला आणि पलीकडे कापसात पडला.

मग लामारने टोपी काढून डोकं खाजवलं. "पाय पहिल्यापासून शिकवावे लागतील," तो म्हणाला. "पहिलं वर्ष हा आमच्याकडे नुसता बाकावर बसेल. चालेल का रे तुला?"

"हो, सर," रूबेन म्हणाला.

"मग उद्या राहतो मी. तुझ्या आईला भेटायचंय."

रॉइस कधी निघाला कुणी पाहिलं नाही. तो कुंपणाची तार ओलांडून कापसात उतरला होता आणि वाकून चेंडू शोधत होता. बराच वेळ शोधत होता. चेंडू लगेचच हाताला लागला असणार, वेर्नाला वाटलं, पण माणसाला तोंड लपवायला जागा लागते. रूबेन मदतीला धावणार होता, तिने त्याचं मनगट धरलं. "जाऊ नको," ती म्हणाली.

रॉइस परतला तेव्हा त्याच्या पॅन्टला कापूस चिकटला होता. खांबापाशी तो थांबला, त्यावर तळहात ठेवून उभा राहिला. मग सावकाश चालत आला आणि त्याने चेंडू रूबेनच्या डाव्या हातात ठेवला.

"केंटचा कापसापर्यंत कधी गेला नव्हता," तो म्हणाला.

वेर्ना मागच्या दाराच्या पायरीवर बसली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा, पाहुण्याची लाज न धरता, मोठमोठ्याने रडली.