अप्पांची फळी

गुरुलिंगअप्पांच्या लातूरजवळच्या मुरुडमधल्या सरकी-पेंडीच्या दुकानाला स्वतःचा ईमेल सर्व्हर कशाला हवा, हे कुणी विचारलं नाही. पुतण्या सोमेश नांदेडहून कोर्स करून आला होता, आणि शिकलेलं कुठंतरी लावावं लागतंच.

दुकानाचा रिवाज जुना. गल्ल्याशेजारच्या फळीवर कुणीही काहीही ठेवावं. चिठ्ठी, चष्मा, बाळंतिणीचे लाडू. नांदेडकडं, लोह्याकडं जाणारा जो सापडेल त्याच्या हाती अप्पा ते देत. कुणाचं, आत काय, विचारत नसत. सर्व्हर लावताना सोमेशनं विचारलं, ओळखीच्यांचंच टपाल पुढं धाडायचं का कुणाचंही? अप्पा म्हणाले, आपल्याकडून कुणाची चिठ्ठी परत गेली न्हाई. कोर्समध्ये नेमकं उलटं शिकवलं होतं: नाव आणि पासवर्ड पाहिल्याशिवाय एकही मेल पुढं सोडू नये. सोमेशला ते आठवत होतं. पण अप्पांना कोण सांगणार? त्यानं सर्व्हरही फळीसारखाच उघडा ठेवला.

फळीची बातमी जगभरच्या ठगांना लागली. त्यांचं सगळं टपाल अप्पांच्या दुकानातून जाऊ लागलं. अमेरिकेतल्या लोकांना मुरुडच्या पेंडवाल्याकडून लॉटरी लागू लागली. आणि नांदेडला अमरनाथरावांना, म्हणजे अप्पांच्या लेकीच्या, शिवकन्येच्या, होणाऱ्या सासऱ्यांना, दुकानाच्या नावानं मेल गेला: गेलेली मर्दानगी परत मिळवा.

त्यांनी तो मेल अप्पांच्या फोनवर धाडला. खाली एक शब्द नाही. मग फोनही उचलेनात. सोयरीक मोडली, असं अप्पांनी धरलं.

"माझ्या फळीवरून गेलं, म्हंजे मीच धाडलं," एवढं म्हणून ते ताटावरून उठले. सोमेश भाकर खात राहिला. मग वाया जाऊ नये म्हणून त्यानं अप्पांचीही खाल्ली.

माफी मागायला दोघं नांदेडला गेले. अप्पांनी टोपी काढून हात जोडले, तसं सोमेशला राहवलं नाही.

"चूक माझी हाय, अप्पा. उघडं ठेवू नये हे मला ठावं होतं. तुम्हाला सांगायला भ्यालो."

अप्पांनी त्याच्याकडं पाहिलं. अमरनाथरावांनी स्वयंपाकघराकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"म्हंजे ते औषध येणारच न्हाई?"

औषध कधी येणार हे फोनवर कसं विचारावं म्हणून ते लाजत होते. सोयरीक टिकली.

परत आल्यावर सोमेशनं सर्व्हर बंदोबस्तात आणला. आता पासवर्डाशिवाय काही पुढं जात नाही, हे त्यानं अप्पांना नीट समजावलं. अप्पांनी मयतीला बसल्यासारखं ऐकलं.

सकाळी नीलाबाई लोह्याच्या लेकीसाठी लोणच्याची बरणी घेऊन आली. अप्पांनी हात पुढं केला, मग मागं घेतला.

"आत काय हाय, नीलाबाई?"

"लोणचं की. आजवर कधी इचारलं न्हाई तुमी."

अप्पा सोमेशकडं वळले. चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता.

"हिचा पासवर्ड काय रे?"

सोमेशनं बरणी उचलली आणि लातूरच्या एसटीत बसला. तिथून लोह्याची गाडी. वाटेत मांडीवर तेल गळत होतं. त्यानं ते पुसलं नाही.