लोखंडी माणसाचा गुडघा

माझ्या लेकीचं, लताचं, लग्न देवळालीच्या विहारात झालं ते १९८७ साल. त्याच उन्हाळ्यात खंडेरावने कॅम्पात, बाजाराच्या मागे, पत्र्याच्या हॉलमध्ये व्हिडिओ सुरू केला. त्याचा मेव्हणा जहाजावर होता. त्याने सिंगापूरहून कार्टूनच्या कॅसेटींची गोणी आणून दिली. सगळी चित्रं लोखंडी माणसांची. चार मजली उंच माणूस, पोटात एक जण बसतो आणि चालवतो. भाषा जपानी की चिनी, ते मेव्हण्यालाही सांगता येत नव्हतं.

त्यातली बहुतेक भिकार होती. लोखंडी माणूस आकाशात उडतो, मनगटापासून मूठ सुटते, शत्रूच्या छातीत घुसते आणि परत येऊन मनगटाला चिकटते. ना बोल्ट, ना नट. एवढी मारामारी करून अंगावर ओरखडा नाही. लोक शिट्ट्या मारायचे. मी एकतीस वर्षं तोफांच्या वर्कशॉपात फिटर होतो. दिवसभर गोळे उडवून आलेली तोफ कशी दिसते ते मी पाहिलंय. खंडेरावला म्हटलं, "ह्याला ग्रीस कोण भरतो?"

"बाबा, कार्टून हाय ते."

"मग गाढव दाखव. ते बिनग्रीसचं चालतं."

गोणीच्या तळाशी मात्र निळ्या डब्यांतली एक मालिका निघाली. दहा कॅसेटी. तिच्यातला लोखंडी माणूस उडत नाही. चिखलात रुततो. डिझेल संपलं की जिथल्या तिथे उभा राहतो. लढाईवरून आला की सात-आठ माणसं शिड्या लावून अंगावर चढतात, झाकणं उघडतात आणि शिव्या देतात. गंजलेला नट सुटत नसला की माणूस काय बोलतो, हे कळायला भाषा लागत नाही.

मी अक्षरं पन्नाशीत शिकलो, प्रौढांच्या वर्गात. हॉलच्या दाराशी फळा होता, त्यावर खडूने लिहिलं: "नवीन माणसाने निळ्या डब्याची मालिका बघावी. पहिली कॅसेट सोडावी, तिच्यात नुसती भाषणं आहेत. दुसरीपासून बसावं. तिसरीत इंजिन उतरवतात, ते चुकवू नये. उडणारं बघायचं असेल त्याने कबुतरं बघावीत."

खंडेरावने शेवटचं वाक्य पुसलं. मी पुन्हा लिहिलं.

उपयोग शून्य. पंचवटीतला एक भाजीवाला फळा वाचून बसला आणि दहा मिनिटांत मागे वळून विचारू लागला, "काका, हिरो कोणता?"

"तो पाना घेतलेला."

"तो तर मारतच नाय कुणाला."

"तो नसता तर कुणीच कुणाला मारलं नसतं." भाजीवाला उठून गेला. अशांना मूठ सुटणारं चित्रच बरं.

फळ्याचं ऐकणारा एकच निघाला, पुंजाराम. वर्कशॉपात माझ्याच बाकावर काम केलेला. त्याची छाती गेली होती. डॉक्टरने त्याच्या बायकोला, सुलावहिनींना, बाजूला घेऊन सांगितलं होतं की दिवाळी दिसली तर दिसली. वहिनींनी ते लपवलं आणि पुंजारामने ते त्यांच्या तोंडावरून ओळखलं. तरी टांगा करून तो दुपारच्या खेळाला यायचा, पाठीशी टेकायला घरची छोटी गादी घेऊन.

पाचव्या कॅसेटीत लोखंडी माणसाचा डावा गुडघा डुगडुगायला लागला. नववीच्या शेवटी तो गुडघ्यातून मोडून ओढ्यात पडला, आणि पानावाला पोरगा कंबरभर पाण्यात उतरला. तिथे कॅसेट संपली.

"पिन तुटली," मी म्हटलं. "नवी ठोकली की झालं."

"सावळ्या, एकतीस वर्षं काय झाडू मारत होतास का? पाचवीपासून डुगडुगतोय. पिन ज्याच्यात फिरते तो बुश झिजलाय. बुश बदलल्याबिगर नवी पिनबी तुटंल."

"ओढ्यात उभं राहून बुश कोण बदलतो?"

"ज्याला काम येतं तो. आता ते बघितल्याबिगर मी काय मरत नाय."

वहिनी तिथेच होत्या. टांग्यात बसताना मला म्हणाल्या, "भाऊजी, दहावी लवकर लावा."

दसऱ्याच्या दुपारी लावायचं ठरलं. आणि आदल्या दिवशी, खंडेनवमीला, खंडेरावने व्हिडिओची पूजा केली.

पूजेला माझी हरकत नव्हती. वर्कशॉपातही लोक हत्यारं पुजायचे. मी आणि पुंजाराम पूजा करत नसू, पण त्या दिवशी तोफ धुऊनपुसून आम्हीच द्यायचो. कुंकू लागायचं ते चाकाला. गोळा जातो त्या तोंडात कुणी कुंकू भरलं नाही. खंडेरावने मशीन पाटावर ठेवलं, कॅसेट जाते त्या फटीत, देवाच्या मुखात घालावं तसं, चिमूटभर हळदकुंकू घातलं, आणि वर नारळ फोडला.

दसऱ्याला पुंजाराम आला, गादीला टेकून बसला, दहावी कॅसेट आत गेली. मशीनने दोनदा गुरगुर केली आणि पडद्यावर चित्राऐवजी राख पडली. खंडेराव वरून थापटू लागला.

"हात काढ," पुंजाराम म्हणाला. "बैल हाय का तो?"

मी स्क्रू काढून झाकण उचललं. आत हळद, कुंकू आणि नारळाचं पाणी मिळून लगदा झालेला, आणि त्यात टेपची गुंडाळी.

"कुणी केलं हे?" मी विचारलं.

"बरकत यावी म्हणून..."

"मग लाडूबी घालायचा," पुंजाराम म्हणाला आणि हसता हसता खोकत राहिला. खोकला थांबल्यावर त्याने हात पुढे केला. "स्पिरिट आण. मऊ चामडं आण. सावळ्या, उजेडात धर."

त्या हाताने घरी पाण्याचा पेला धरवत नव्हता. दीड तास तो चामड्याच्या टोकाने एकेक चाक पुसत होता आणि हात हलला नाही. टेप मात्र वाचली नाही. दोन हात लांबीची चुरगळली होती. ती कापून मी टोकं चिकटवली.

मशीन चाललं. पोरगा ओढ्यात उतरला, पाना लावला, पडद्यावर एक पट्टा सरकला आणि लोखंडी माणूस उभा. मधलं सगळं कापलेल्या तुकड्यात गेलेलं.

पुंजाराम पडद्याकडे बघत राहिला. "तेवढंच गेलं का?"

"तेवढंच."

त्याला धाप लागली होती. वहिनींनी टांगा बोलावला. जाताना त्याने खंडेरावला शिवीसुद्धा दिली नाही, ते मला बरं वाटलं नाही.

मी एकटा पुढचं बघत बसलो. शेवटी लोखंडी माणूस डोंगर चढून जातो. मी तेवढा भाग तीनदा मागे नेऊन गुडघ्यावर नजर ठेवली. पाऊल टेकलं की गुडघा ठाम. डुगडुग नाही. झिजलेल्या बुशात नवी पिन घातली असती तर पहिल्याच चढाला हलली असती.

दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता.

"बुश बदललाय," मी म्हटलं. "चढावर हलत नाही."

तो वळला. "किती वेळा बघितलं?"

"तीनदा."

"एकदा बघून कळायला पायजे होतं." मग म्हणाला, "फळ्यावर लिही."

मी लिहिलं: "नवीन माणसाने दहावी बघताना गुडघ्याकडे बघावं. बुश बदलला आहे. पुंजारामने आधीच सांगितलं होतं." हे खंडेरावने पुसलं नाही.

पुंजाराम २ नोव्हेंबर १९८७ रोजी, सोमवारी सकाळी, देवळाली कॅम्पात आपल्या घरी वारला.