शुगर

माधवीने सासूच्या मुठीतला गुळाचा खडा काढून घेतला आणि परत डब्यात टाकला. बनाबाईंनी हात पदराला पुसला.

"डाक्टरनं शुगर बंद सांगितली. दिवाळीपास्नं साखरंला शिवली न्हाय मी. ह्यो गूळ हाय."

"आत्या, गूळ काय अन् साखर काय, एकच."

"एक असती तर नावं दोन कशाला पडली असती?"

माधवी लासुर्ण्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायची. घरातला हा वाद रोजचा होता आणि रोज तीच हरायची. रिपोर्ट दाखवून झाले, अबोला धरून झाला. आज तिने वर्गात सांगावं तसं शब्दच उलगडून सांगितले. संस्कृतातली शर्करा, म्हणजे मुळात बारीक खडे. तिचीच साखर झाली. तीच इराण, अरबस्तान करत इंग्रजांकडे गेली आणि शुगर झाली. गुळाला ते जॅगरी म्हणतात, तोही शब्द त्याच शर्करेतून, पोर्तुगीजांच्या तोंडून गेलेला.

बनाबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"एवढं गावोगाव हिंडून आल्यावर बिघडनारच की ती," त्या म्हणाल्या. "आपला गूळ कुठं गेलाय? घरातच हाय."

माधवीने डब्याचं झाकण इतक्या जोरात दाबलं की ते वाकडं बसलं.

"चला बारामतीला. आजच रक्त तपासू. मग बोला."

दवाखान्यात बनाबाई बोट पुढे करेनात.

"आधी तू दे. मला एकटीलाच टोचायचं व्हय?"

रक्त तपासणाऱ्या बाई हसल्या. कटकट मिटावी म्हणून माधवीने बोट दिलं. मशीनकडे बघता बघता बाईंचं हसू ओसरलं.

"मॅडम, सकाळपासून काय खाल्लंय?"

"काहीच नाही. गडबडीत राहूनच गेलं."

बाईंनी दुसऱ्या बोटाला टोचून पाहिलं, आकडा तेवढाच चढा आला. "डॉक्टरांना भेटूनच जा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. बनाबाईंची शुगर गेल्या वेळेइतकीच होती. त्यांना मशीनवरचे आकडे वाचता येत नव्हते. त्या सुनेच्या तोंडाकडे बघत होत्या.

डॉक्टरांना भेटून झाल्यावर परतीच्या एसटीत माधवी खिडकीबाहेर बघत राहिली.

घरी सासरे, सावळाराम, ओट्यावरच बसले होते.

"काय निघालं गं?"

माधवी चपला काढायला खाली वाकली.

"माझी वाढलीया," बनाबाई म्हणाल्या. "गूळबी बंद केलाय डाक्टरनं. अन् मला एकटीला पथ्य जमायचं न्हाय. म्हनून माधवीबी माझ्यासंगं फिका च्या पिनार हाय. कुनी तिला गोडाचा आग्रेव करायचा न्हाय."

सावळारामांनी मान हलवली. खाली वाकलेली माधवी बराच वेळ तशीच वाकून राहिली.