वर केलेला हात

हातमोज्याच्या अंगठ्याचं भोक कालच्यापेक्षा मोठं झालं होतं, आणि त्यातून डोकावणारं आपलंच नख त्याला आगाऊ पाहुण्यासारखं वाटलं... पाहुणे! परदेशातून आलेल्या, कागद अपुरे म्हणून कोंडून ठेवलेल्या माणसांना इथे हेच म्हणायचं. आणि हे पाहुणे रोज आठ तास चादरी धुतात, तापलेल्या रुळातून इस्त्री करून काढतात, तेही म्हणे हौसेनं – तशी सही रोज सकाळी घेतात.

आज मात्र छातीत काहीतरी उड्या मारत होतं. यंत्रं तपासणाऱ्या बाई बाहेरून आल्या होत्या. रुळापाशी त्या थबकल्या.

"बोटं आत जाऊ नयेत म्हणून इथे जाळी असते. कुठंय?"

"दुरुस्तीला," पहारेकरी म्हणाला.

जाळी कधी नव्हतीच. मंगळवारी गवंड्याची – बाहेर गवंडीकाम करायचा, म्हणून इथेही तेच नाव – दोन बोटं याच रुळात भाजली, तेव्हा याच पहारेकऱ्यानं कागदावर लिहिलं – पाय घसरला.

गवंडी शेजारीच एका हातानं घड्या घालत होता. कुजबुजला, "काका, एवढं वाचता, त्याचं काय लोणचं घालायचंय?"

"तू सांग की."

"माझं कोण ऐकणार? मी घसरणारा माणूस!"

वाचलं होतं खरं... इथल्याच कपाटातलं कायद्याचं फाटकं पुस्तक, तीनदा. काम करवून घेतलं की तो कामगार, दाराला कुलूप असलं तरी; आणि कामगारासाठी जाळी हवीच. पण मला ते नीट कळलं असेल का? आणि काम काढून घेतलं तर? काम करणाऱ्यांनाच शनिवारी काचेशिवाय भेट मिळते. लेक समोर बसते, माझी बोटं हातात धरून ठेवते...

"हे यंत्र चालवतं कोण?" बाईंनी वहीतून मान वर न करता विचारलं.

"तसं कुणी नाही. ही मंडळी हौसेनं मदत करतात."

शाळेत उत्तर येत असूनही मी कधी हात वर केला नाही. मास्तर दुसऱ्याला उठवायचे, तो नेमकं माझंच उत्तर सांगायचा, आणि मी बाकाखाली मुठी आवळून –

हात वर गेला होता. भोकातला अंगठा सगळ्यांत उंच.

पहारेकऱ्यानं पाहिलं, डोळ्यांनीच म्हणाला, खाली घे. शनिवार आठवला. पण हात खाली येईना. बाई अजून लिहीत होत्या. भीती होतीच, पण तिच्या खांद्यावर चढून काहीतरी पोरकट, लखलखीत नाचत होतं – मला येतंय, मला येतंय – आणि कधी एकदा बाई वळून बघतात, असं त्याला झालं होतं.