भोंग्याची कवळी

सव्वीस वर्षं एकमेकांचं तोंड न बघणारे चार म्हातारे पुन्हा एका मंचावर येणार, ही बातमी कळली तेव्हा ती मेणात दात बसवत होती. कवळ्या बनवणं हे तिचं काम. डॉक्टरांच्या दवाखान्यामागची खोली, खिडकीपाशी टेबल, तोंडाला मास्क. तरुणपणी या चौघांच्या रॉक बँडपायी तिने अभ्यासाचं वाटोळं केलं होतं, आणि तरी त्यांना समोर बसून ऐकणं काही नशिबात नव्हतं. त्यांचा शेवटचा कार्यक्रम नेमका परीक्षेत आला आणि मोठ्या बहिणीने तिला खोलीत कोंडलं. मग बँडच फुटला.

बातमी ऐकल्या ऐकल्या तिने दोन तिकिटं काढली. "कोंडलं होतंस ना ताई? आता चल माझ्याबरोबर."

आणि एका सोमवारी त्या बँडचा गायकच दवाखान्यात येऊन बसला! चाहते त्याला लाडाने भोंगा म्हणत, कारण सर्वांत गाजलेल्या गाण्याच्या शेवटी तो अशी काही आरोळी ठोकायचा की खिडक्यांच्या काचा थरथरत. आता वरच्या जबड्यात औषधालासुद्धा दात उरला नव्हता, आणि दुसरीकडे करून घेतलेली कवळी आरोळीबरोबर खाली यायची.

"तालमीत दोनदा पडली," तो डॉक्टरांना म्हणाला. "एकदा तर ड्रमवाल्याच्या चहात. ते गाणंच काढून टाकतो झालं."

ती प्लास्टरने माखलेल्या हातांनी तशीच बाहेर आली. "गाणं काढायचं नाही."

डॉक्टर बघतच राहिले. वीस वर्षांत तिने पेशंटसमोर चकार शब्द काढला नव्हता.

माप घेताना पेशंटला नुसतं 'आ' करायला लावतात. तोंडात भरलेला मापाचा मसाला घट्ट होईपर्यंत ओठ-गाल जरा हलवले की झालं. तिचं म्हणणं निराळं. मसाला मऊ असतानाच यांनी आरोळी ठोकायची. ज्या तोंडाने गायचं, त्याच तोंडाचं माप हवं.

"अहो बाई, शेजारी माणसं राहतात," डॉक्टर कळवळले. पण भोंग्याचे डोळे लकाकले. तोंडात मसाल्याचा गोळा धरून त्याने असा काही आवाज लावला, की बाहेर दाढ काढायला आलेले दोघे निमूटपणे घरी गेले.

तीनदा माप झालं, दोन आठवडे कवळी घासून बसवून बघणं झालं. कवळी घेऊन जाताना तो दबक्या आवाजात म्हणाला, "कुणाला कळू देऊ नका हं."

"आमच्या खोलीतून दात बाहेर जातात, गोष्टी जात नाहीत," ती म्हणाली.

कार्यक्रम मैदानावर होता, दुपारी चारला. चौघांचे गुडघे गेलेले, गिटारवाल्याच्या डोक्यावर केस शोधावे लागत होते, पण पहिल्याच ठोक्याला तिच्या अंगावर काटा आला. ताई तर शेजारच्या अनोळखी माणसाचा दंड धरून उड्या मारत होती.

मग ते गाणं आलं. मोठ्या पडद्यावर भोंग्याचं तोंड दाराएवढं दिसू लागलं. कवळी पडली तर हजारो लोकांसमोर पडणार होती, आणि तो बिचारा पुन्हा कधी मंचावर उभा राहिला नसता. तेही तिच्या एकटीच्या हट्टापायी. त्याने मान मागे टाकली. आरोळी सुरू झाली, वर चढली, वरच राहिली. पठ्ठ्या थांबेचना. सगळं मैदान बेभान झालं, आणि ती डोळे ताणून वरच्या हिरडीची कड तेवढी बघत राहिली.

आरोळी संपली. भोंगा तोंड भरून हसला.

"काय, कसं वाटलं?" ताईने बसलेल्या घशाने विचारलं. "याच गाण्यासाठी इतकी वर्षं मला बोल लावलेस!"

"केसभरही हलली नाही."

"कोण?"

तिने ताईच्या हातात पाण्याची बाटली दिली. तिच्या आत्ता कुठे ध्यानात आलं, की जन्मभर ज्याची वाट पाहिली ते गाणं आपण ऐकलंच नाही. एक सूरही आठवेना. खरं तर वाईट वाटायला हवं होतं, पण तिची छाती अभिमानाने भरून आली होती. गाणं ऐकायला अख्खं मैदान होतं. कवळी सांभाळायला ती एकटीच होती.