लाल फडक्यातील पोथी

१९९८च्या हिवाळ्यात कसबा बावड्यातील एका नव्या कॉलनीत दर गुरुवारी सकाळी सातपासून चपलांचा ढीग पडू लागे. ढिगापलीकडच्या व्हरांड्यात जर्मन महाराज बसत. पूर्वाश्रमीचे हे हंबीरराव, शिरोलीच्या एका कारखान्यातील फिटर. यंत्र शिकायला मालकाने त्यांना तीन महिने जर्मनीला धाडले आणि ते छत्तीस पानांचा पत्त्यांचा जोड घेऊन परतले. अशा पानांवर भविष्य पाहण्याची त्या देशात जुनी रीत आहे. प्रत्येक पानावर एक चित्र, चित्राखाली दोन-तीन जर्मन शब्द. जोडाशेजारी लाल फडक्यात बांधलेली पोथी असे. ती कधी उघडली जात नसे, म्हणूनच तिचा दरारा मोठा.

"तितल्या म्हातारीनं मरताना कानात सांगिटलेली इद्या हाय ही, पावणं," महाराज सांगत. "पंचांगाला सूर्य लागतोय, चंद्र लागतोय. ह्येला नुस्ता माझा अंगठा लागतोय!"

"माझ्या घरात जर्मनची धा पातेली हाईत, म्हाराज," रांगेतल्या तानाबाईने टोला हाणला, "त्यांस्नी कधी वाचा फुटली न्हाय!" सगळे हसले, आणि हसून रांगेतच उभे राहिले.

त्या रांगेत आदिती आई-वडिलांबरोबर उभी होती. पुण्यात जर्मन शिकून ती कोल्हापुरात ते शिकवत असे. आईच्या, सीताबाईंच्या, छातीत गाठ निघाली होती; पंधरवड्यात शस्त्रक्रिया झाली तर धोका टळेल, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. सोमवार ठरला होता. वडील बापूसो मात्र हटून बसले, "येकडाव पानास्नी इचारू, मग जाऊ."

त्यांच्या आधी तीन आजारी माणसे गेली. तिघांनाही एकच पान आले: खाटेवर निजलेला रोगी. छत्तीसातले एकच पान, लागोपाठ तीनदा. आदितीने ते मनात नोंदवले. मग सीताबाई बसल्या. महाराजांनी पाने पिसली, कडेवरून अंगठा फिरवला, जोड कापला, पान उलटले. पुन्हा तीच खाट.

"बाई, छातीत गाठ हाय. सुरी लागली की जीव गेला समजा. ही मरणाची खाट हाय."

सीताबाई उठल्या. "आदिती, घरला चल. मी न्हाय कापून घेत."

"थांब, आई. हंबीरमामा, खाटेखाली काय लिहिलंय?"

"मरण!"

"'अल्पकाळचं आजारपण' असं लिहिलंय. मरणाचं पान निराळं आहे, ते याच जोडात आहे."

"शानी हैस! पोथीत लिवलंय, पोथीत!"

"मग पोथी उघडा."

महाराजांचा हात पोथीवर पडण्याआधीच तानाबाईने फडके सोडले होते. आत शाळकरी वही होती आणि वहीत आदितीचे स्वतःचे अक्षर. दोन वर्षांपूर्वी हाच माणूस पेढे घेऊन घरी आला होता: "पोरी, पानांसंगं आलेल्या कागदाचं मराठी करून दे की. गंमत म्हणून." तिने पंधरा संध्याकाळी खर्चून, शब्दकोश उलथेपालथे करून ते केले होते. वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिले होते: हा केवळ करमणुकीचा खेळ आहे. ते पान फाडलेले होते. उरलेल्या तिच्या प्रामाणिक श्रमांवर हळदकुंकू वाहिलेले होते.

शिरोलीचा टर्नर आकाराम रांगेतून पुढे आला. त्याने जोड उचलला, टेबलावर ठोकून सरळ केला, अंगठा फिरवला, आणि अंगठा एका जागी अडखळला. "ह्ये पान कानशीनं घासलंय. केसभर आखूड. बोट तितंच थांबतंय. फिटरचा हात हाय ह्यो!" त्याने जोड तानाबाईच्या हाती दिला. तिनेही पिसला, अंगठा फिरवला, कापला. खाटच निघाली. आता कुणी हसले नाही.

"आणि गाठीचं कसं कळलं?" आदितीने विचारले. "ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं."

हंबीररावांनी बोट रोखले. "मला काय इचारतीस? बापूसोंस्नी इचार. कालच येऊन म्हणालं, तिला भ्या घाला."

बापूसोंची मान खाली गेली. "माझी आई आपरेशनच्या टेबलावरच गेलती. सीते, तुला तितं न्यायला माझा पाय उचलंना."

"अवो, मग त्ये मला सांगायचं की," सीताबाई म्हणाल्या. "पत्त्याच्या तोंडानं मला मारायचं व्हय?"

चमत्कार समोर आला की आधी तीन प्रश्न विचारावेत: हेच पान याआधी किती जणांना आले, जोड दुसऱ्याच्या हाती दिला तर काय होते, आणि आपले गुपित त्याला कोणी सांगितले. तिसऱ्याचे उत्तर घरातच सापडेल, या भीतीने आपण पहिले दोनही गिळतो. गिळू नयेत. त्या भीतीवर असे व्हरांडे चालतात आणि माणसे वेळेवर दवाखान्यात पोहोचत नाहीत.

आदितीने वही उचलून पिशवीत टाकली. बापूसो ओणवे होऊन ढिगात बायकोच्या चपला शोधत होते. सीताबाई त्यांच्यासाठी थांबल्या नाहीत. अनवाणीच रस्त्यावर उतरून त्यांनी लेकीला विचारले, "सोमवारी किती वाजता जायचं?"