उजवा कौल

सत्यवान एकाच घराबद्दल दोन तोंडांनी बोलत होता. दादरची जागा, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी बांधलेल्या इमारतीतली. गिऱ्हाइकांना तो सांगे, "भिंती दीड फूट जाड, छत उंच, गेल्याच वर्षी आतून सगळं नवं केलंय. अशी वस्ती शोधून मिळायची नाही." आणि गावी वहिनीला फोनवर सांगे, "वयनी, ती इमारत आता रवणारी नाय. मिळतत ते घेवया आणि मोकळे होवया."

खरं होतं ते पहिलं. पण जागा दोघा भावांच्या नावे होती. थोरला चार वर्षांपूर्वी गेला, म्हणजे अर्धी जागा सुगंधावहिनीची. तिने सही करून हक्क सोडला, तर तिच्या हाती थोडंफार टेकवून भागत होतं. आई गेली तेव्हा सत्यवान सात वर्षांचा होता. ह्याच बाईने त्याच जागेत त्याला न्हाऊमाखू घातलं, कान धरून अभ्यासाला बसवलं. हे तो विसरला होता असं नाही. उलट सहीसाठी कोकणात गावी निघाला, तेव्हा गाडीत नांदगाव येईपर्यंत त्याला तेच आठवत राहिलं. लबाडी करताना माणसाला विसरता आलं असतं, तर किती सोयीचं झालं असतं!

वहिनी नाही म्हणाली नाही. एवढंच म्हणाली, "सय करीन, पण देवाक इचारल्याशिवाय नाय."

आता आली का पंचाईत! कौल लावायचा म्हणजे देवाच्या पाषाणावर दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवीकडची आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. सत्यवानाचा देवावर विश्वास नव्हता, पण वहिनीचा होता. डावा पडला असता, तर ब्रह्मदेव आला तरी तिने सही केली नसती.

म्हणून तो संध्याकाळी गणपत गुरवाकडे गेला. गणपत शाळेतला सोबती.

"इमारत कोसळाक इली आसा. वयनी ऐकणा नाय. तिच्याच बऱ्यासाठी सांगतंय," सत्यवान म्हणाला.

गणपत साधा माणूस. तो म्हणाला, "बरा. डाव्या अंगाक वायच गुळाचा पाणी लावतंय, ती पाकळी चिकटान रवात. पाप लागला तर तुका."

"लागांदे," सत्यवान हसला. पण घरी वहिनीने त्याच्यासाठी मुद्दाम केलेली कुळथाची पिठी त्याने पानात तशीच ठेवली. खाई त्याला खवखवे, दुसरं काय?

सकाळी देवळात तिघंच होती. गणपतने पाकळ्या लावल्या आणि विचारलं, "काय इचारू, सुगंधावयनी?"

"प्रश्न माझ्या मनात आसा. तू फक्त गाराणा घाल."

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान मनात जा काय धरलेला आसा, ता खरा असात तर उजवो कौल दी रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!" सत्यवान जरा जास्तच मोठ्याने म्हणाला.

उजवी पाकळी लगेच सुटून खाली आली. वहिनीने डोळ्यांना पदर लावला. तिचे खांदे हलत होते.

"रडतंस कित्याक? देवान सांगल्यान मा, जागा ईक म्हणान."

"जागेचा मी इचारूकच नाय, सत्या."

"मगे?"

"लोकांनी माझे कान भरल्यानी. म्हणतत, जागा नवी केल्यान आणि तुका मातयेच्या मोलान फसवता. मी देवाक म्हटलंय, माझ्या सत्याच्या मनात कपट नसात, तर उजवो दी." तिने त्याचा हात धरला. "दिल्यान. मी तुझो संशय घेतलंय रे. माका माफ कर."

गणपतने सत्यवानाकडे पाहिलं आणि तो पाठ फिरवून समईची वात सारखी करू लागला.

सत्यवानाला लाज वाटली, जमीन दुभंगावी अशी. खरं सांगून टाकावं म्हणून त्याने तोंड उघडलं. पण खरं सांगायचं म्हणजे दीर तर जाणारच होता, वरून तिचा देवही जाणार होता, आणि ह्या वयात ती कोणाला विचारायला जाणार होती? हे कारण त्याला फार पटलं. आपल्याला ते इतकं लगेच कसं पटलं, ह्याचीच त्याला शिसारी आली.

वहिनीने चष्मा लावला आणि कागदासाठी हात पुढे केला. "हाड तो कागद. सय खंय करू?"

"हंय," सत्यवान म्हणाला, आणि त्याने कागदावर बोट ठेवलं.